दाराशी बसलेली बाई

दिवाळी अंकाचा मजकूर श्रावणातच द्यावा लागतो. त्यामुळे भाजणी दळून येण्याआधीच चकलीच्या खुसखुशीतपणावर लिहिण्याची विद्या आम्हा सदरलेखकांना साधलेली असते. यंदाही संपादकांचा निरोप आला आणि घरात नेहमीचा प्रश्न निघाला, "या खेपेला कोणावर लिहिताय?"

"एका नाइटक्लबवालीवर," मी म्हणालो.

सौ. वालाचे बिरडे सोलत बसली होती. तिचे हात थांबले. "अहो, दिवाळी अंक घरातली सगळी माणसं वाचतात. सासूबाईसुद्धा चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. आणि तुम्ही मराठीचे प्राध्यापक! संत कवयित्री संपल्या का?"

"संपल्या नाहीत. पण ही बाईही कमी नव्हे. आधी ऐकून तर घे."

मग बिरडे सोलून होईपर्यंत मी तिला जे सांगितले, तेच वाचकहो, आज तुमच्यापुढे ठेवतो आहे. या बाईंची आणि माझी ओळख फोर्टातल्या पदपथावर झाली. परीक्षेच्या कामासाठी तिकडे गेलो होतो, पाऊस आला, म्हणून जुन्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी ताडपत्रीखाली उभा राहिलो. उभे राहायचेच तर काही चाळावे, म्हणून एक पुस्तक उचलले. ते या बाईंचे आत्मचरित्र होते. पाऊस थांबला तरी मी तिथून हललो नाही. शेवटी दुकानदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की पुस्तक विकत घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

बाईंचे जगभर गाजलेले नाव ब्रिकटॉप. म्हणजे विटेच्या रंगाच्या डोक्याची. हे नाव त्यांना पुढे मिळाले. जन्म १४ ऑगस्ट १८९४ चा, अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ऑल्डरसन नावाच्या डोंगरातल्या एका लहानशा गावी. वडील टॉमस स्मिथ हजामतीचे दुकान चालवीत. कुटुंब कृष्णवर्णीय. अमेरिकेतून गुलामगिरी कायद्याने जाऊन तीस वर्षेही झाली नव्हती. मुलगी झाली तेव्हा नाव काय ठेवावे यावरून शेजारीपाजारी चढाओढीने सुचवू लागले. आईने कोणालाच दुखवले नाही; सगळ्यांची नावे ठेवून दिली. एडा बीट्रिस क्वीन व्हिक्टोरिया लुईस व्हर्जिनिया स्मिथ! बारशाला आलेल्या साऱ्या आत्यांचा मान एकाच पाळण्यात राखावा, तसा हा प्रकार. माणसे राखण्याची ही रीत मुलीने आईकडूनच उचलली असावी, असे मला वाटते.

वडील लवकर वारले. आई हॅटी मुलांना घेऊन शिकागोला आली आणि खोल्या भाड्याने देऊन, लोकांच्या घरची कामे करून संसार ओढू लागली. येणाऱ्याजाणाऱ्यांची उठबस, कोणाचे भाडे थकले, कोण रात्री उशिरा येतो, हे सारे एडाने लहानपणीच पाहिले. पण तिचा जीव लागला होता तो रस्त्यावरच्या मद्यगृहांत. तिथे पियानो वाजायचा, हसण्याचा आवाज यायचा. झुलत्या दरवाजाखालून आत डोकावून पाहण्याचा तिला छंदच होता. मुलींनी तिथे पाऊल टाकायचे नसे. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ती फिरत्या नाटकमंडळ्यांतून गाऊ-नाचू लागली.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे गावोगाव भटकण्यात गेली. मुष्टियुद्धातील हेवीवेट गटाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन याच्या शिकागोतील क्लबात ती गायली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात बॅरन विल्किन्स नावाच्या क्लबमालकाने तिचे तांबूस लाल केस पाहून तिला ब्रिकटॉप म्हटले आणि तेच नाव कायमचे चिकटले. याच बॅरनकडे १९२३ साली तिने शब्द टाकून एका होतकरू वाद्यवृंदाला काम मिळवून दिले. त्या वृंदात पियानोवर बसणारा तरुण म्हणजे ड्यूक एलिंग्टन, पुढे जॅझ संगीतातला महामेरू ठरलेला. दुसऱ्याचे गुण ओळखून त्याच्यासाठी दार उघडायचे, हा बाईंचा खरा धंदा तेव्हाच सुरू झाला होता म्हणायचा.

इथे दाराचा विषय निघाला, तर थोडे थांबतो; कारण साऱ्या गोष्टीचे मर्म त्या दारातच आहे. त्याच १९२३ साली हार्लेममध्ये कॉटन क्लब सुरू झाला. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती. क्लबात गाणारे, नाचणारे, वाजवणारे, वाढणारे सगळे कृष्णवर्णीय. आणि गिऱ्हाइके? फक्त गोरी. ज्यांच्या गळ्यातून गाणे यायचे त्यांच्याच आईबापांना पैसे मोजूनही आत बसता येत नसे. गाणे हवे, गाणाऱ्याची जात नको. आपण यावर फार नाक मुरडू नये. बैठकीचे गाणे हवे, पण जिच्या घरी बैठक व्हायची ती बाई मात्र आपल्या उंबऱ्याच्या आत नको, हा न्याय आपल्याही आजोबा-पणजोबांना ठाऊक होता.

मग पॅरिस कुठून आले? पहिल्या महायुद्धातून आले. अमेरिकेची ३६९ वी पलटण ही कृष्णवर्णीय सैनिकांची. आपल्या गोऱ्या सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून यांना लढू द्यायला अमेरिकन सेनापती राजी नव्हते, म्हणून ही पलटण फ्रेंचांच्या हाताखाली दिली गेली. या पलटणीबरोबर जेम्स रीस युरोप यांचा बँड होता. १९१८ साली त्यांनी फ्रान्सभर जे वाजवले त्याने फ्रेंच लोक वेडे झाले. युद्ध संपल्यावर अनेक वादक तिथेच राहिले किंवा परत आले. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली पिगालच्या गल्लीबोळांत त्यांची एक वस्तीच झाली. तिथे कोणी त्यांना मागच्या दाराने या, असे म्हणत नव्हते.

१९२४ साली ब्रिकटॉप पॅरिसला पोहोचली. ल ग्राँ द्युक नावाच्या क्लबात गाणारी हवी होती. नाव केवढे भारदस्त! ग्राँ द्युक म्हणजे मोठा सरदार. आत जाऊन पाहते तो डझनभर टेबले आणि एवढीशी जागा. ही बाहेरची खोली असेल, खरा क्लब आत असेल, अशा समजुतीने तिने चौकशी केली. उत्तर आले, हाच तो क्लब. सातासमुद्रापार येऊन पदरात हे पडले! तिला रडू कोसळले. तेव्हा मागच्या स्वयंपाकघरातून एक तरुण पोरगा बाहेर आला. भांडी घासायच्या कामावर होता. त्याने तिला समजावले, काही खाऊन घे म्हणजे बरे वाटेल असे म्हणाला आणि तिच्यापुढे खायला आणून ठेवले.

तो भांडी घासणारा पोरगा म्हणजे लँग्स्टन ह्यूज. दोनच वर्षांनी, १९२६ साली, त्याचा पहिला कवितासंग्रह निघाला आणि पुढे तो अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा मोठा कवी म्हणून जगाला माहीत झाला. आणि त्या क्लबाचा व्यवस्थापक कोण? यूजीन बुलार्ड. १९१७ साली फ्रान्सच्या बाजूने लढाऊ विमान चालवलेला पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन. त्याच्या स्वतःच्या देशाने त्याला वैमानिक म्हणून घेतले नाही. फ्रान्सने छातीवर पदके लावली. म्हातारपणी न्यूयॉर्कला तो एका मोठ्या इमारतीत लिफ्टमन होता. एका डझन टेबलांच्या त्या खोलीत कवी भांडी घासत होता, वैमानिक गल्ला पाहत होता आणि मधोमध ही रडत होती. कादंबरीत लिहिले असते तर समीक्षकांनी योगायोगांचा अतिरेक म्हणून गुण कापले असते.

सुरुवातीला गिऱ्हाइके येत ना. मग एके रात्री कोल पोर्टर हा श्रीमंत गीतकार-संगीतकार तिथे आला. त्याला तिच्या गाण्यापेक्षा पावलांनी जास्त भुरळ घातली. चार्ल्स्टन नावाचे नवे नृत्य तेव्हा अमेरिकेत जोरात होते आणि पॅरिसच्या बड्या मंडळींना ते येत नव्हते. पोर्टरने तिला आपल्या घरी पाहुण्यांना नृत्य शिकवायला बोलावले. बघता बघता न्हाव्याच्या मुलीच्या शिकवण्या पॅरिसच्या दिवाणखान्यांतून सुरू झाल्या. १९२६ च्या उन्हाळ्यात पोर्टरने तिला व्हेनिसच्या राजवाड्यातील मेजवान्यांसाठी नेले. इंग्लंडचा युवराजही तिच्यापुढे पावले टाकायला शिकला. तोच पुढे आठवा एडवर्ड झाला आणि १९३६ साली गादी सोडून मोकळा झाला.

आता इथून पुढे मी तिला 'ती' म्हणणार नाही. कारण लवकरच पिगालमध्ये तिच्या स्वतःच्या नावाचा क्लब उभा राहिला, आणि ज्या बाईच्या दाराशी राजेरजवाडे थांबत तिला एकेरीत हाक मारणे बरे नव्हे.

ब्रिकटॉपबाईंचा क्लब मध्यरात्री जागा व्हायचा आणि पहाटे दूधवाले फिरू लागले की झोपायचा. बाई बसत दाराजवळच्या टेबलाशी. हातात सिगार, पुढ्यात हिशेबाची वही. आत पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस आधी त्यांच्या नजरेखालून जाई. कोणाला कुठे बसवायचे, कोणाचे कोणाशी पटत नाही, कोणाला आज एकटे बसायचे आहे, कोणाची बाटली आता पुरे, हे ठरवणाऱ्या त्याच. मध्येच उठून एखादे गाणे म्हणायचे, दोन टेबलांवर चौकशी करायची, की पुन्हा वहीशी. क्लबात दंगा, शिवीगाळ, अंगचटीला येणे चालत नसे. मग माणूस कितीही मोठा असो. जॉन स्टाइनबेक या कादंबरीकारालासुद्धा एकदा वर्तन बरे नव्हते म्हणून बाईंनी बाहेर काढले होते. त्याने दुसऱ्यांदा आत यायचे म्हणून टॅक्सीभर गुलाब पाठवून दिलगिरी व्यक्त केली, तेव्हा कुठे लोभ पुन्हा जडला. मोठ्या लेखकांना वळण लावण्याची ही रीत आमच्या साहित्यसंमेलनांतून अमलात आणायची तर गुलाबांचा तुटवडा पडेल!

दारू विकणे एवढाच तो व्यवसाय नव्हता. परदेशी वादकांची पत्रे तिथल्या पत्त्यावर येत. कोणाचे पैसे ठेवायचे, कोणाला उसने द्यायचे, कोणाचा धनादेश वटवायचा, हेही तिथेच. सकाळी तालीम, रात्री मैफल. स्कॉट फिट्झजेरल्ड हा कथाकार पिऊन झिंगला की त्याला नीट घरी पोहोचवण्याची काळजी बाई घेत. त्याने १९३१ सालच्या आपल्या प्रसिद्ध कथेत या क्लबाचा उल्लेख केला आहे, तो पूर्वी उधळलेल्या रात्री आणि पैसे आठवून हळहळणाऱ्या एका माणसाच्या मनात. जोसेफिन बेकर ही पोर १९२५ साली पॅरिसला आली आणि एका रात्रीत तिचा बोलबाला झाला. लोक सही मागू लागले. बिचारीला धड लिहिता येत नव्हते. बाईंनी तिला सहीचा शिक्का करून घ्यायला सांगितले, अशी हकीकत आहे. पोरीची लाजही राहिली आणि गिऱ्हाइकाचे समाधानही झाले. मेबल मर्सर ही इंग्लंडची गायिका १९३१ पासून बाईंकडे गाऊ लागली. टेबलाटेबलांपाशी बसून हलक्या आवाजात, शब्दाशब्दाला अर्थ देत गाण्याची तिची शैली तिथेच घडली, आणि पुढे अमेरिकेतल्या मोठमोठ्या गायकांनी तिच्यापासून धडे घेतले.

बाई स्वतःविषयी मोठ्या फुशारक्या मारीत नसत. आपण फार थोर गायिका नाही, नर्तकीही नाही, हे त्या मोकळेपणाने सांगत. मग त्यांची कला कोणती? माणसांना जागा देण्याची. कॉटन क्लबच्या दाराशी कृष्णवर्णीयांना अडवणारा रखवालदार होता. पॅरिसच्या या दाराशी एक कृष्णवर्णीय बाईच बसली होती, आणि कोण आत येणार, कसा वागणार, हे ती ठरवत होती. अमेरिकेतून आलेल्या गोऱ्या लक्षाधीशांनाही इथे तिची परवानगी लागे. बाईंनी यावर भाषणे केली नाहीत. रोज रात्री दाराशी बसल्या, एवढेच.

इथे कोणी म्हणेल, हे सारे दूरदेशीचे. आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या मुंबईपर्यंत येतो. याच मोंमार्त्रच्या वस्तीत लुई मिचेल यांच्या वाद्यवृंदात क्रिकेट स्मिथ नावाचा कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक होता. १९३५ साली लिऑन ॲबे आपला वृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्या पाठोपाठ १९३६ साली क्रिकेट स्मिथनेही ताजमध्ये वृंद चालवला. पियानोवादक टेडी वेदरफर्ड तर इकडचाच झाला आणि १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. या मंडळींपासून आपल्या गोव्याच्या वादकांनी जॅझ उचलले. त्यांपैकीच चिक चॉकलेट हे ट्रम्पेटवादक पुढे सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, यांच्या जोडीला आले. १९५१ सालच्या 'अलबेला'तली गाणी ऐकताना ज्यांचे पाय आपोआप ठेका धरतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की त्या ठेक्याची एक वाट पॅरिसच्या त्या गल्लीतून आलेली आहे. चाळीतल्या गणेशोत्सवात ती गाणी वाजली तेव्हा कोणीही तिला दारात अडवले नाही.

सुखाचे दिवस फार टिकत नाहीत. १९२९ साली न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि डॉलर उधळणारे अमेरिकन हळूहळू पॅरिसमधून नाहीसे झाले. त्याच वर्षी बाईंनी पीटर ड्यूकाँज या सॅक्सोफोनवादकाशी लग्न केले होते. काही वर्षांत दोघे वेगळे झाले. पुढे क्लबही बंद पडला. १९३९ साली महायुद्ध पेटले, तेव्हा गादी सोडलेल्या त्याच एडवर्डची पत्नी, विंडसरची डचेस, आणि लेडी मेंडल यांच्या मदतीने बाई अमेरिकेला जाणाऱ्या बोटीत चढल्या. शिष्याच्या घरून गुरुदक्षिणा अशी पोहोचली.

पण मायदेशी परतल्यावर पुन्हा तीच जुनी दारे. पंधरा वर्षे ज्यांनी राजपुत्रांना जागा दाखवली, त्यांना न्यूयॉर्कमध्ये आपली जागा कोणती हे पुन्हा दाखवले जाऊ लागले. बाई रडत बसल्या नाहीत. १९४४ पासून १९४९ पर्यंत मेक्सिको शहरात त्यांनी क्लब चालवला. १९५० साली पुन्हा पॅरिसला डाव मांडून पाहिला, बसला नाही. मग ५७ व्या वर्षी, ज्या वयात आपल्याकडे माणसे निवृत्तिवेतनाचे हिशेब करू लागतात, त्यांनी रोममध्ये व्हिया व्हेनेतो या रस्त्यावर नवा क्लब थाटला. तिकडे कॅथलिक धर्माच्या त्या नेमस्त उपासक होत्या. युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी पैसा उभा करीत. रात्रभर क्लब आणि सकाळी प्रार्थनामंदिर! १९६१ साली, ६७ व्या वर्षी, रात्री जागवण्याचा कंटाळा आला म्हणून त्यांनी वही मिटली.

शेवटची वर्षे न्यूयॉर्कला गेली. १९७५ साली शिकागोच्या कोलंबिया कॉलेजने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. ज्या शहरात सोळाव्या वर्षी शाळा सोडली, तिथेच एक्क्याऐंशीव्या वर्षी पदवी. १९८३ साली जेम्स हॅस्किन्स यांच्या मदतीने लिहिलेले आत्मचरित्र निघाले आणि १९८४ साली बाई गेल्या.

मागे काय राहिले? पोर्टरची गाणी राहिली. त्यांतले एक गाजलेले गाणे तर त्याने बाईंसाठीच लिहिले असे म्हणतात. फिट्झजेरल्डच्या कथा राहिल्या, ह्यूजच्या कविता राहिल्या, एलिंग्टनच्या तबकड्या राहिल्या. बाईंची म्हणून एकच तबकडी, तीही १९७२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या आसपास निघालेली. बसवणाऱ्याचे असेच असते. मैफल संपली की सतरंज्या गुंडाळल्या जातात. गायकाचे नाव राहते, सतरंजी कोणी अंथरली हे विचारायला कोणी थांबत नाही. आम्ही शिकवतो त्या वाङ्मयाच्या इतिहासातही लेखकांची नावे आहेत. ते ज्यांच्या ओसरीवर बसून बोलले, ज्यांच्या ताटावर जेवले, त्यांच्यासाठी एखादे प्रकरण असलेले पुस्तक मी अजून पाहिले नाही.

एवढे सांगून होईतो बिरडे सोलून झाले होते. सौ. ने सालपटे गोळा केली. काही बोलली नाही. मला वाटले, संत कवयित्रीच काढाव्या लागणार. स्वयंपाकघरात जाता जाता ती दारात थांबली.

"ती पहिल्या रात्री रडत होती ना, तेव्हा त्या भांडी घासणाऱ्या पोरानं तिला खायला दिलं?"

"हो."

"मग बाईनं पुढची चाळीस वर्षं तेवढंच केलं. आल्या माणसाला बसवलं, खायला घातलं." थोडे थांबून ती म्हणाली, "लिहा. सासूबाईंचं मी बघते. फक्त तो पोरगा तेवढा गाळू नका."

वाचकहो, गाळलेला नाही.